काळी, पांढरी आणि भाजलेली : बाळापूरच्या विटेपासून बोगदाभट्टीपर्यंत

मराठी मुलखात जमिनीची जी जुनी वाटणी रूढ होती, तिच्यात पीक घेण्याची ती ‘काळी’ आणि वस्ती करण्याची ती ‘पांढरी’ असे दोनच मुख्य शब्द पुरत असत, आणि काळी-पांढरी म्हटले की शेतशिवारासह सगळे गाव त्या जोडशब्दात येत असे. वऱ्हाडात ही वाटणी केवळ महसुली भाषेपुरती राहिली नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी कापसाला जितकी मानवते तितकीच ती बांधकामाला वाईट, म्हणून घरांच्या भिंती, धाब्याची छपरे आणि गावोगावच्या गढ्या पांढऱ्या मातीच्या झाल्या, तर गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले सातपुड्याच्या माथ्यावर तिथल्याच काळ्या दगडात उभे राहिले. या दोन परंपरांच्या मधोमध बाळापूरचा किल्ला आहे. तो मैदानातला आहे, पण मातीच्या गढीसारखा पावसात विरघळणारा नाही; आणि दगडाचा प्रदेश फार दूर नसतानाही त्याचे उंच तट आणि बुरूज भाजलेल्या विटेचे आहेत.

मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावरील उंचवट्यावर औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने या किल्ल्याचे काम सुरू केले आणि एलिचपूरचा, म्हणजे आजच्या अचलपूरचा, नवाब इस्माईलखान याने ते 1757 मध्ये पुरे केले. सर्वांत आतला आणि सर्वांत उंच भाग पंचकोनी असून त्याच्या प्रत्येक कोनावर बुरूज आहे, त्याच्याभोवती खालच्या पातळीवर दुसरा कोट आहे, आणि एकामागून एक तीन दरवाजे ओलांडल्यावाचून आत शिरता येत नाही. पावसाळ्यात नद्या फुगल्या की एका बाजूचा अपवाद सोडता किल्ल्याला पाण्याचा वेढा पडत असे. ब्रिटिश काळातील गॅझेटियरकारांनी येथील वीटकामाला त्या काळातील उत्तम वीटकामांत गणले आहे, आणि ज्या भिंतींना अडीचशेहून अधिक पावसाळे झेलावे लागले त्यांच्याविषयी ही प्रशंसा अतिशयोक्त वाटत नाही.

किल्ल्याच्या आधीही बाळापूर हे मोठे ठाणे होते. ‘आईने अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात त्याचा उल्लेख येतो आणि तेथील दोन ओढ्यांच्या काठी सापडणाऱ्या रंगीत, घासून शोभेसाठी ठेवल्या जाणाऱ्या दगडांचीही नोंद आहे; अकबराचा मुलगा मुराद याने तेथून सहा कोसांवर शहापूर ही छावणी वसवली होती. मिर्झा राजे जयसिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी छत्री गावात आहे, आणि 1720 मध्ये निजाम-उल्-मुल्क व आलमअलीखान यांची लढाई याच परिसरात झाली. कागद आणि पागोटी यांच्यासाठीही हे गाव नावाजलेले होते. राजकारणाचा हा इतिहास पुष्कळदा लिहिला गेला आहे. त्या मानाने ज्या वस्तूने किल्ला उभा केला त्या विटेकडे फारसे कोणी वळून पाहिलेले नाही, आणि तिची गोष्ट समजून घेतल्यावाचून बाळापूरच्या मातीची गोष्ट समजत नाही.

पूर्णेच्या खोऱ्यात नदीने आणलेल्या गाळाचे थर काही ठिकाणी शंभर मीटरांहून अधिक जाड आहेत, त्यामुळे डोंगरापासून लांब असलेल्या गावांना बांधकामाचा दगड वाहून आणावा लागे. माती मात्र पायाखाली होती. अडचण एवढीच, की ही माती वीट होण्यास राजी नसते. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. त्याचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे बनलेले असून पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरते, म्हणून ओली काळी माती फुगते आणि वाळताना तितकीच आकसते. उन्हाळ्यात वऱ्हाडातील शेतांना ज्या हात-हात खोल भेगा पडतात त्या याच कारणाने. अशा मातीची थापलेली वीट भट्टीपर्यंत पोचण्याआधीच तडकते. दुसरी अडचण चुनखडीच्या खड्यांची. हे बारीक पांढरे खडे काळ्या मातीत विखुरलेले असतात, आणि भट्टीत 800 ते 900 अंश सेल्सियसच्या सुमारास त्यांतील कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन मागे कळीचा चुना उरतो; वीट थंड झाल्यावर हा चुना हवेतील ओल शोषून फुगतो आणि आतून विटेचा टवका उडवतो. तिसरी अडचण खारपाणपट्ट्याची आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या पट्ट्यात माती आणि भूजल दोन्ही खारट असल्याने विटेत राहिलेले क्षार पावसाळ्यानंतर पृष्ठभागावर येतात, भिंतीला लोणा लागतो आणि वीट पापुद्र्यापापुद्र्याने झडू लागते.

यांपैकी पहिल्या दोन अडचणींवर कारागिरांनी जे उपाय शोधले, ते पुस्तकी रसायनशास्त्राच्या फार आधीचे आहेत. शेतातली काळी टाळून नदीकाठचा रेताड गाळ घ्यायचा, कारण वाळूचा कण आकसत नाही आणि त्यामुळे वाळताना विटेचा आकार टिकतो; मातीत भुसा, तूस किंवा राख मिसळायची, कारण भुसा जळून गेल्यावर उरलेल्या बारीक पोकळ्यांमुळे आतली वाफ तडा न पाडता बाहेर पडते; खडे वेचून काढायचे, आणि भाजलेली वीट वापरण्यापूर्वी पाण्यात बुडवून ठेवायची, म्हणजे चुना भिंतीत फुगण्याऐवजी हौदातच विरतो. बाळापूरच्या तटातील वीट इतका काळ टिकली याचे श्रेय भट्टीइतकेच माती निवडणाऱ्या हातांना द्यावे लागते.

भट्टी मात्र साधीच होती आणि वऱ्हाडात ती आजही पुष्कळशी तशीच आहे. कच्च्या विटांचे थर एकावर एक रचायचे, मधल्या फटींत सरपण, कोळशाची चुरी किंवा भुसा भरायचा, बाहेरून मातीचा लेप द्यायचा आणि वाऱ्याच्या बाजूने पेटवायचे. कुंभाराचा आवा ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वाची ही मोठी आवृत्ती. दिवाळीनंतर थापायला सुरुवात होते आणि मृगाच्या आत शेवटची भट्टी उतरवावी लागते, कारण उघड्यावर वाळणाऱ्या कच्च्या विटेला पहिला पाऊसही सोसत नाही. या पद्धतीत वीट हलत नाही आणि आगही माणसाच्या हुकमाने हलत नाही. ढिगाच्या पोटातल्या विटा जास्त तापून वितळतात, एकमेकींना चिकटतात आणि त्यांचे खंगर होतात. कडेच्या विटा अर्ध्याकच्च्या राहतात. मधल्याच तेवढ्या पक्क्या निघतात. शिवाय भाजून झालेल्या विटांतील सगळी उष्णता थंड होताना हवेत जाते आणि पुढच्या भट्टीसाठी पुन्हा पहिल्यापासून इंधन जाळावे लागते.

ही वाया जाणारी उष्णता पकडण्याच्या प्रयत्नांतून एकोणिसाव्या शतकात आधुनिक भट्टीचा जन्म झाला. 1858 मध्ये फ्रिडरिक हॉफमान या प्रशियन अभियंत्याने वर्तुळाकार भट्टीचे पेटंट घेतले. तिच्यात विटा रचलेल्या खोल्यांचे कडे असते आणि आग एका खोलीतून पुढच्या खोलीत सरकत राहते; मागच्या, नुकत्याच भाजलेल्या विटांवरून आत येणारी हवा आपोआप तापून आगीपर्यंत पोचते, आणि आगीतून निघालेला गरम धूर पुढच्या कच्च्या विटांना तापवत धुराड्याकडे जातो. वीट जागेवर आणि आग फिरती, असा हा पालट होता. हिंदुस्थानात रेल्वे आणि कालवे यांच्या कामांना अफाट विटा लागत होत्या, तेव्हा बुल नावाच्या ब्रिटिश अभियंत्याने 1876 च्या सुमारास हीच कल्पना छताशिवाय, जमिनीत खणलेल्या लांब चरात उतरवली. बुलची ही चरभट्टी पंजाबपासून बंगालपर्यंतच्या सिंधू-गंगेच्या मैदानात सर्वत्र पसरली. दख्खनमध्ये आणि वऱ्हाडात तिने मूळ धरले नाही. चरभट्टीची आग महिनोन् महिने विझू न देता चालवायची असते आणि तिला एकाच जागी एकसारखी माती भरपूर लागते, तर काळ्या मुलखात विटेजोगी माती नदीकाठच्या तुकड्यातुकड्यांतच सापडते, आणि तिथे एका हंगामापुरती रचून मोडता येणारी उघडी भट्टीच परवडते. याला कारागिराचा मागासलेपणा म्हणणे चुकीचे ठरेल, कारण येथे भट्टीचा प्रकार मातीच्या भूगोलानेच ठरवला.

आगीला स्थिर करून विटेलाच चालवण्याची तिसरी कल्पनाही जुनी आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील व्हँसेन येथे चिनी मातीच्या भांड्यांवरील रंग भाजण्यासाठी अशी बोगद्यासारखी भट्टी करून पाहिली गेली होती, आणि 1870 च्या दशकात बर्लिनच्या ओटो बोक याने विटांसाठी तिची रचना बरीच पुढे नेली. पण लोखंडी गाड्यांची चाके आगीच्या उष्णतेपासून वाचवायची कशी, हा प्रश्न नीट सुटेपर्यंत ती उद्योगात रुजली नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत फ्रान्समध्ये फोजेरों आणि इंग्लंडमध्ये कॉनराड ड्रेसलर यांनी मातीची भांडी व फरशा यांच्यासाठी भरवशाने चालणाऱ्या बोगदाभट्ट्या उभ्या केल्या, आणि तेथून हा प्रकार जगभर गेला.

बोगदाभट्टी, अथवा कारखान्यांच्या भाषेत टनेल किल्न, म्हणजे आगविटांनी आतून मढवलेला, साधारण साठ ते दीडशे मीटर लांबीचा सरळ बोगदा. त्याच्या तळाला रूळ असतात आणि रुळांवर एकमेकींना टेकलेल्या गाड्यांची अखंड रांग उभी असते. प्रत्येक गाडीचा सांगाडा लोखंडी, पण वरचा जाड थर उष्णतारोधक विटांचा असतो. गाडीच्या दोन्ही कडांना खाली वळवलेले पत्रे बोगद्याच्या बाजूच्या वाळूने भरलेल्या पन्हळीत बुडून चालतात, त्यामुळे वरची आग आणि खालची चाके यांच्यात वाळूचा पडदा राहतो आणि हवाही गळत नाही. ठरावीक अंतराने, अर्ध्या-एक तासाने म्हणा, तेलाच्या दाबावर चालणारा दट्ट्या एका तोंडाकडून कच्च्या मालाची गाडी आत ढकलतो. त्या ढकलीबरोबर सगळी रांग एका गाडीने पुढे सरकते आणि दुसऱ्या तोंडाकडून भाजलेली एक गाडी बाहेर येते. साध्या विटेला हा प्रवास करायला दीड ते तीन दिवस लागतात. आग मात्र वर्षानुवर्षे बोगद्याच्या मध्यभागी एकाच जागी, दोन्ही भिंतींतील किंवा छतातील ज्वालकांतून, तेल, वायू अथवा कोळशाच्या भुकटीवर जळत राहते.

या रचनेचे खरे मर्म हवेच्या दिशेत आहे. विटा ज्या दिशेने जातात त्याच्या नेमक्या उलट दिशेने पंखे हवा ओढतात. बाहेर पडण्याच्या तोंडाशी आत घेतलेली थंड हवा नुकत्याच भाजलेल्या विटांवरून वाहते, त्यांना थंड करते आणि स्वतः तापते. ही तापलेली हवा ज्वालकांपाशी पोचली की इंधन कमी लागते. आणि ज्वलनातून निघालेले गरम वायू पुढे आत येणाऱ्या कच्च्या विटांना हळूहळू तापवत धुराड्यापर्यंत जातात, तोवर त्यांच्यातील बहुतेक उष्णता विटेत उतरलेली असते. हवेचा एक भाग मधूनच काढून शेजारच्या वाळवणीच्या खोल्यांकडे वळवतात, कारण नुकत्याच पाडलेल्या विटेत वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतके पाणी असू शकते आणि ते निघून गेल्यावाचून तिला बोगद्यात नेले तर ती वाफेने फुटते. अशा रीतीने एका बोगद्यात तापवणे, भाजणे आणि निववणे असे तीन टप्पे एकामागे एक लागतात, आणि हॉफमानने आगीला फिरवून जे साधले तेच येथे विटेला चालवून साधले जाते.

तापमान बोगद्याच्या प्रत्येक हातावर ठरलेले असते, ही या भट्टीची दुसरी मोठी सोय. सुमारे 450 ते 600 अंशांच्या दरम्यान चिकणमातीच्या रेणूंत बांधलेले पाणी निघून जाते आणि त्यानंतर ती माती पुन्हा कधीही पाण्यात मऊ होत नाही. 573 अंशांवर वाळूतील क्वार्ट्झ स्फटिक आपली रचना एकाएकी बदलतो आणि किंचित फुगतो. निवताना त्याच अंशावर तो पुन्हा आकसतो. म्हणून जाताना आणि येताना हा उंबरठा सावकाश ओलांडावा लागतो, नाहीतर विटेच्या अंगावर केसासारखे तडे उमटतात. 700 ते 900 अंशांच्या पट्ट्यात मातीतला कार्बन पूर्ण जळायला हवा तितका वेळ न मिळाल्यास विटेच्या पोटात काळा गाभा राहतो. त्यापुढे 900 ते 1050 अंशांच्या सुमारास कणांच्या कडा वितळून परस्परांना सांधतात आणि लोहाच्या संयुगांमुळे विटेला लाल रंग चढतो. उघड्या भट्टीवरचा अनुभवी माणूस हे सगळे ज्वालेचा रंग आणि धुराचा वास यांवरून ओळखत असे; बोगद्यात तेच काम भिंतीत बसवलेले तापमापक करतात. फरक कौशल्याचा नाही, तर एकसारखेपणाचा आहे : ढिगातील प्रत्येक विटेला वेगळी आग मिळते, बोगद्यातील प्रत्येक विटेला तीच.

या एकसारखेपणाची गरज साध्या भिंतीच्या विटेला फारशी नसते, आणि म्हणूनच बोगदाभट्टीचा खरा विस्तार इतर वस्तूंत झाला. संडासाची भांडी आणि वॉशबेसिन साधारण 1200 अंशांच्या पट्ट्यात, विजेच्या तारांचे चिनी मातीचे इन्सुलेटर त्याहून थोडे वर, आणि पोलादाच्या भट्ट्यांना आतून लावायच्या आगविटा त्यांच्या प्रकारानुसार 1400 पासून 1700 अंशांपर्यंत भाजाव्या लागतात. यांत एका वस्तूचा जरी काळा गाभा राहिला तरी ती निरुपयोगी ठरते. फरशांनी पुढे बोगद्यातील गाड्याही सोडल्या आणि त्या फिरत्या दंडगोलांच्या (रोलर) भट्टीत गेल्या, जेथे पातळ फरशी तासाभराच्या आत भाजून निघते. युरोपात विटा आणि कौलेही बोगद्यात गेली, कारण तेथे मजुरी महाग, थंडीमुळे उघड्यावर वाळवणे अशक्य, आणि भिंतीसाठी पोकळ विटेची मागणी मोठी. भारतात कर्नाटकातील कुणिगल येथे अशा पोकळ विटांचा कारखाना निघाला, पण देशातील बहुतांश वीट अजून चरभट्टीत किंवा उघड्या भट्टीतच भाजली जाते. इंधनाचा हिशेबही एकतर्फी नाही. उघड्या भट्टीला विटेच्या किलोमागे दोन मेगाज्यूल किंवा त्याहून अधिक ऊर्जा लागते. बोगदाभट्टीला वाळवणीसह साधारण दीडच्या आसपास. आणि ज्या चरभट्टीत विटांची मांडणी नागमोडी करून हवेला लांबचा रस्ता धरायला लावलेला असतो, तिला त्याहूनही कमी. बोगद्याला अखंड वीजही हवी, कारण पंखे बंद पडले की आगीची उष्णता गाड्यांच्या पोटापर्यंत पोचते.

बाळापूरच्या आसमंतात विजेचा हा धागा वेगळ्याच वाटेने आला. गावापासून जवळ असलेले पारस हे रेल्वे स्थानक आणि त्याच्यालगतचे औष्णिक वीज केंद्र बाळापूर तालुक्यातच आहे. 1867 मध्ये रेल्वेमार्ग नागपूरपर्यंत पोचला तेव्हा तो बाळापूरला बाजूला ठेवून गेला, अकोला वाढले आणि मन-म्हैशीच्या संगमावरचे जुने ठाणे मागे पडले. पण त्याच मार्गावरून पुढे कोळसा आला आणि 1960 च्या दशकात पारसला वीज तयार होऊ लागली. जुने संच गेले, 250 मेगावॉटचे दोन नवे संच या शतकात सुरू झाले. अशा केंद्राच्या बॉयलरमधील आगविटा आणि तेथून निघणाऱ्या उच्चदाबाच्या तारांना आधार देणारे चिनी मातीचे इन्सुलेटर हा बोगदाभट्टीचाच माल असतो, तेव्हा बाळापूरकराच्या घरात दिवा लागतो त्यात कुठल्या तरी दूरच्या बोगद्यातील आगीचा वाटा असतो.

पारसच्या धुराड्याखाली दुसरीही एक वस्तू तयार होते, आणि विटेच्या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे. भारतीय कोळशात तीस ते पंचेचाळीस टक्के राख असते, आणि बॉयलरमध्ये भुकटी होऊन जळालेल्या कोळशाची अतिशय बारीक उडती राख, जिला सगळे फ्लाय ॲश म्हणतात, ती वस्तुतः एकदा आगीतून निघालेली मातीच आहे : कोळशात मिसळलेल्या चिकणमातीचे कण क्षणभर वितळून काचेसारखे गोल झालेले असतात. काळ्या मातीत ती मिसळली तर वाळताना होणारी आकसणी कमी होते आणि राखेत उरलेला कार्बन विटेच्या पोटातूनच इंधनाचे काम करतो. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या कापूसमातीच्या विटांसाठी अशा मिश्रणांवर काम केले आहे. कारागीर पूर्वी भुशाची राख घालत तोच हा उपाय, मोठ्या प्रमाणावर. 14 सप्टेंबर 1999 च्या केंद्रीय अधिसूचनेने औष्णिक केंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आत भाजलेल्या विटेत किमान पंचवीस टक्के राख घालणे बंधनकारक केले, आणि पुढे हे अंतर वाढत गेले. याच राखेत चुना व जिप्सम किंवा सिमेंट मिसळून दाबयंत्रात पाडलेली करडी वीट तर भट्टीत जातच नाही. ती पाणी मारून पिकवतात. तिची सुपीक मातीशी स्पर्धा नाही, म्हणून वऱ्हाडासारख्या शेतीच्या मुलखात तिचा प्रसार व्हायला हवा, हे मत येथे स्पष्ट नोंदवणे योग्य आहे. फेब्रुवारी 2022 च्या अधिसूचनेने वीटभट्ट्यांना नागमोडी मांडणी, उभी भट्टी किंवा नळाचा नैसर्गिक वायू यांकडे वळण्यास ठरावीक मुदत दिली, आणि ज्या शहरांची हवा मानकांत बसत नाही त्यांच्या परिघात ती मुदत आखूड ठेवली. अकोला आणि अमरावती ही दोन्ही शहरे त्या यादीत आहेत. नदीकाठी एका हंगामापुरती भट्टी लावणाऱ्याला स्थिर धुराड्याचा खर्च कसा पेलायचा, हा प्रश्न अधिसूचनेच्या बाहेर राहिला आहे.

जुन्या किल्ल्याच्या दुरुस्तीचा विचार केला की या सगळ्या भट्ट्यांची तुलना वेगळी दिसू लागते. चुन्यात बांधलेली जुनी वीट सच्छिद्र असते. ती ओल घेते आणि सोडते, आणि भिंतीला श्वास घेऊ देते. तिच्या शेजारी बोगद्यातून निघालेली घट्ट, कमी पाणी शोषणारी वीट किंवा सिमेंटमध्ये बसवलेली राखेची वीट घातली, तर ओल आणि तिच्यातील क्षार जुन्या विटेतूनच बाहेर येऊ पाहतात आणि लोणा नेमका जुन्या भागाला लागतो. म्हणून जतनाच्या कामात जुन्या मापाची, हाताने थापलेली, बेताच्या आगीत सावकाश भाजलेली वीटच शोधावी लागते. मन नदीच्या काठचा रेताड गाळ ओळखून, खडे वेचून, योग्य प्रमाणात भुसा घालून ती घडवू शकणारे हात आज उघड्या भट्ट्यांवरच आहेत.